रेघ चुकली की सूचना चुकली?

"मॅपने चुकवलं" असं कुणी सांगितलं की मी आधी एकच विचारतो: स्क्रीनवरची निळी रेघ चुकली होती, की मॅपवाली बाई चुकीचं बोलली? बहुतेकांना आठवत नाही. पण खरा शोध तिथूनच सुरू होतो. रेघ बरोबर असूनही सूचना साफ चुकीची येऊ शकते, हे मलाही एका रात्रीपर्यंत माहीत नव्हतं.

मी दुचाकीवर मॅप लावतो तेव्हा फोन खिशात असतो आणि हेल्मेटमधल्या स्पीकरवर फक्त आवाज येतो. मागच्या पावसाळ्यात एका फाट्यावर ऐकू आलं, "उजवीकडे वळा." वळलो. रस्ता अरुंद होत गेला आणि थोड्याच अंतरावर बंद फाटक लागलं. भर पावसात थांबून फोन काढला, तर निळी रेघ त्या गल्लीत आलेलीच नव्हती. ती मुख्य रस्त्यानेच पुढे गेली होती. मुख्य रस्ता तिथे स्वतःच उजवीकडे बाक घेतो आणि बाकाच्या अगदी तोंडाशी ही गल्ली फुटते. अ‍ॅपने बाकालाच वळण म्हटलं होतं.

घरी येऊन नकाशा उघडला. ते अ‍ॅप ओपनस्ट्रीटमॅपचा डेटा वापरतं. २००४ साली सुरू झालेला हा खुला नकाशा कुणीही खातं काढून दुरुस्त करू शकतं. त्यात रस्ता म्हणजे बिंदूंची माळ असते. फाटा आला की अ‍ॅप आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या रेषेतला कोन बघतं. कोन मोठा असेल तर "वळा", लहान असेल तर "सरळ". दोन्हीकडे रस्त्याचं नाव तेच असेल तर बहुतेक वेळा ते गप्प राहतं. माझ्या फाट्यावर अलीकडे नाव होतं, पलीकडे नव्हतं. शिवाय सांध्यावरचा बिंदू जरासा बाजूला पडल्यामुळे शेवटच्या काही मीटरांत रेषेला खोटाच कोपरा आला होता. बिंदू जागेवर ओढला, नाव लिहिलं. पाच मिनिटांचं काम. अ‍ॅपमध्ये नवा नकाशा उतरवल्यावर ती सूचना नाहीशी झाली. (ऑफलाइन नकाशे आपण अपडेट करेपर्यंत जुनेच राहतात, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.)

रेघच भलतीकडे जात असेल किंवा बाई सारखी "यू टर्न घ्या" म्हणत असेल, तर नकाशाआधी लोकेशन तपासा. मोकळ्या आकाशाखाली फोनचं जीपीएस साधारण ५ मीटरपर्यंत अचूक असतं. उंच इमारतींमध्ये सिग्नल भिंतींवर आपटून उशिरा पोचतो, आणि सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाइतका उशीर म्हणजे अंतरात ३०० मीटरचा फरक. अ‍ॅप तुमचा ठिपका जवळच्या रस्त्यावर नेऊन बसवतं. खाली सर्व्हिस रोड आणि वर उड्डाणपूल असेल तर त्याला अंदाजच करावा लागतो. तो चुकला की पुढच्या सगळ्या सूचना दुसऱ्याच रस्त्याच्या येतात. अशा ठिकाणी पाटी बघूनच जावं, असं माझं ठाम मत आहे.

परवानगीही बघा. आयफोनवर २०२० च्या आयओएस १४ पासून आणि अँड्रॉइडवर २०२१ च्या अँड्रॉइड १२ पासून अ‍ॅपला फक्त अंदाजे लोकेशन देता येतं. घाईत तेच दिलं असेल तर वळणावळणाची सूचना मिळणारच नाही. निघतानाच बाण उलटा दिसत असेल तर बहुधा होकायंत्राचा दोष असतो. लोहचुंबकाचं कव्हर किंवा होल्डर असेल तर हमखास. थोडं पुढे जा, चालत्या गाडीत दिशा जीपीएसवरून कळते.

आवाजाचं दुखणं वेगळंच. माझ्या स्पीकरवर कित्येक दिवस नुसतंच "...वळा" ऐकू यायचं. डावीकडे की उजवीकडे, ते गायब. ब्लूटूथ स्पीकर मध्येच झोपी जातो आणि जागा होईपर्यंत वाक्याची सुरुवात निघून जाते. सूचना फोन कॉलसारखी वाजवण्याची सेटिंग लावली आणि पूर्ण वाक्य येऊ लागलं. स्क्रीन बंद झाल्यावर आवाजच बंद पडत असेल तर बॅटरी सेव्हरमधून त्या अ‍ॅपला सूट द्या.

आणि कृपा करून तक्रार नीट नोंदवा. "मॅप चुकीचा आहे" एवढ्याने कुणालाच काही दुरुस्त करता येत नाही. कुठला फाटा, कुठल्या बाजूने येत होतात, काय ऐकलं आणि काय ऐकू यायला हवं होतं, एवढं लिहा. बाजू तर लिहाच, कारण त्याच फाट्यावर दुसरीकडून येणाऱ्याला सूचना बरोबर मिळत असेल. मला फोन काढून रेघ बघता आली. जो माणूस दिसत नसल्यामुळे फक्त आवाजावर पायी चालतो, त्याला ती सोय नाही. त्याच्यासाठी "उजवीकडे" हा एक शब्द बरोबर असायलाच हवा, आणि तो बरोबर करणं आपल्या हातात असताना आपण नुसतं चडफडून पुढे जातो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

तुमच्या रोजच्या वाटेवर असा एखादा फाटा असेल तर वरच्या चार गोष्टींसकट कमेंटमध्ये लिहा. खुल्या नकाशातली चूक असेल तर आपण मिळून दुरुस्त करू. कशी करायची ते मी दाखवतो.