शिक्षा ठरवण्याआधी त्या मुलाशी बोला

शाळेत शिस्त हवी, याबद्दल माझं कुणाशीच भांडण नाही. वर्गात रोज दुसऱ्या मुलांचा मार खाणाऱ्या पोराच्या आईवडिलांना 'जरा समजून घ्या' असं सांगणाऱ्यांचा मलाही संताप येतो. पण 'झीरो टॉलरन्स', म्हणजे कुणाचीच कसलीच गय नाही, हे धोरण कुणी रामबाण उपाय म्हणून मांडायला लागलं की मला राहवत नाही.

अमेरिकेत हे सगळं करून झालंय. १९९४ साली तिथे 'गन-फ्री स्कूल्स अ‍ॅक्ट' आला. शाळेत बंदूक आणणाऱ्याला किमान एक वर्ष शाळेबाहेर काढायचं, असा नियम न करणाऱ्या राज्याचा केंद्राकडून येणारा शिक्षणनिधी धोक्यात. बंदुकीच्या बाबतीत एवढं कडक असणं मला पटतं. शिवाय त्याच कायद्यात एक सोय होती : प्रकरण पाहून अधिकारी ही शिक्षा बदलू शकत होते. पुढे कितीतरी शाळांनी आपल्या नियमावलीत चाकू, औषधाच्या गोळ्या, मारामारी असं एकेक घालत नेलं आणि प्रकरण पाहण्याची ती सोय मात्र वापरणंच सोडलं. १९९९ला कोलंबाइन हायस्कूलमध्ये गोळीबार झाला. त्यानंतर तर भीतीच एवढी होती की कडकपणाला कोण हरकत घेणार?

२००९मध्ये डेलावेअर राज्यात सहा वर्षांच्या एका मुलाने डबा खायला म्हणून घडीचा चमचा-काटा शाळेत नेला. त्यात छोटी सुरीही होती. सुरी म्हणजे हत्यार, म्हणून ४५ दिवस सुधारशाळा! देशभर ओरड झाल्यावर तिथल्या शाळा मंडळाने एवढ्या लहान मुलांपुरता नियम सैल केला. त्याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे अ‍ॅरिझोनातलं प्रकरण होतं. आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्यांच्या संशयावरून तेरा वर्षांच्या मुलीची शाळेने कपडे उतरवून झडती घेतली होती. सापडलं काहीच नाही. न्यायालयाने ती झडती घटनाबाह्य ठरवली, पण त्या मुलीने जे सोसलं ते कोण भरून देणार?

मला सगळ्यात जास्त खटकतं ते शिक्षकांचं काय होतं ते. वर्गातलं कोणतं पोर खोडकर आहे, कोणतं घाबरलेलं आहे, कुणाच्या घरी काय चाललंय, हे वर्गशिक्षकाला ठाऊक असतं. शिक्षा आधीच छापलेली असेल तर त्या माणसाला कुणी काही विचारतच नाही. पोराने सुरी दाखवून धमकावलं की फळ कापायला आणली, याने निकालात फरक पडणार नसेल, तर चौकशी करायची तरी कशाला?

बरं, एवढं करून शाळा सुरक्षित झाल्या का? अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या अभ्यासगटाने उपलब्ध संशोधन तपासलं आणि २००८ साली अहवाल छापला. तसा पुरावा त्यांना मिळाला नाही. नियम सगळ्यांना सारखा, म्हणून अन्याय टळेल, ही आशाही फोल ठरली. अमेरिकी शिक्षण खात्याची २०११-१२ची आकडेवारी बघा : बालवाडीत कृष्णवर्णीय मुलं १८ टक्के, पण एकाहून जास्त वेळा निलंबित झालेल्यांत ४८ टक्के. बालवाडीत निलंबन! चार वर्षांच्या लेकराला त्यातून काय कळणार?

आता दुसऱ्या बाजूचंही खरं सांगायला हवं. निलंबनाऐवजी संवाद आणि झालेली चूक मुलानेच भरून काढण्यावर भर देणाऱ्या पद्धतीचा अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहराच्या शाळांमध्ये रँड या संशोधन संस्थेने अभ्यास केला. निलंबनं घटली, शाळेतलं वातावरण सुधारल्याचं शिक्षकांनी सांगितलं, पण सहावी ते आठवीच्या मुलांचा अभ्यास मागे पडला. म्हणजे नुसतं बोलून भागत नाही. वर्ग चालू ठेवायला जास्तीची माणसं लागतात, समुपदेशक लागतो, त्यासाठी पैसा लागतो. मारहाण करणाऱ्या मुलाला त्या दिवशी वर्गाबाहेर काढावंच लागतं, आणि ते लगेच करावं.

पण बाहेर काढलेल्या मुलाचं म्हणणं त्याच दिवशी कुणीतरी ऐकून लिहून घ्यावं, वर्गशिक्षकाचं मत घ्यावं, आणि मूल शाळेबाहेर असेल तितके दिवस त्याचा अभ्यास कोण घेणार ते नावानिशी ठरवावं. हे तिन्ही झाल्याशिवाय निलंबनाच्या कागदावर मुख्याध्यापकांची सही होऊ नये, एवढी माझी मागणी आहे.