सत्तर की पंचेचाळीस?

नाशिकच्या थत्ते नगरमधला आमचा जुना फ्लॅट एकाच आठवड्यात दोन दलालांना दाखवला. पहिल्याला सांगितलं, विकायचाय. तो म्हणाला, "सत्तर कुठं गेले नाहीत, साहेब. लोकेशन बघा ना!" दुसऱ्याला सांगितलं, मला घ्यायचाय, जरा बघून सांगा. तो बाथरूममध्ये डोकावला, नाकाला रुमाल लावला आणि म्हणाला, "पंचेचाळीसच्या वर एक रुपया देऊ नका. सगळं फोडायचंच आहे." फ्लॅट तोच, जिना तोच, मोरीतली फुटकी फरशीही तीच. मधल्या पंचवीस लाखांनी माझी झोप उडवली.

मी दोघांशीही खोटं बोललो नव्हतो. आई गेल्यावर हा फ्लॅट ताई आणि माझ्या नावावर आला. ताई पुण्यात, मी नाशकात. फ्लॅट मला ठेवायचाय, तिच्या वाट्याचे पैसे मी द्यायचे आणि तिनं हक्कसोडपत्र करायचं, असं ठरलं. म्हणजे किंमत कमी निघाली तर फायदा माझा, जास्त निघाली तर तिचा. अशा वेळी बहीण-भावांनी दलालाच्या तोंडाकडे बघू नये एवढं कळत होतं. म्हणून तीन महिने मीच खटाटोप केला. जुना फ्लॅट घेणाऱ्या-विकणाऱ्यांनी हे वाचावं, कारण मला आता पक्कं वाटतंय की आपण सगळेच अशा घरात नको तिकडे बघतो.

आधी सत्तर आले कुठून ते बघू. कॉलेज रोडच्या बाजूला नवीन स्कीममध्ये त्या दलालानं चौरस फुटाला नऊ हजार भाव ऐकला होता. आमच्या १९८९ च्या करारात क्षेत्रफळ लिहिलंय ७८० चौरस फूट. नऊ हजार गुणिले ७८०, झाले सत्तर लाख वीस हजार. वरचे वीस हजार त्यानं मोठ्या मनानं सोडले. पण रेरा हा घरखरेदीचा कायदा आल्यापासून नवीन फ्लॅट कार्पेटवर, म्हणजे भिंतींच्या आतल्या जागेवर विकतात, आणि करारातले ७८० हे बिल्टअप, म्हणजे बाहेरच्या भिंतींसकट आहेत. भाव एका मापाचा, क्षेत्रफळ दुसऱ्या मापाचं. मी आणि मुलानं टेप घेऊन खोली-खोली मोजली. बाहेरच्या भिंती सोडून, बाल्कनी सोडून ६१८ भरले. त्याला नऊ हजार लावले तर साडेपंचावन्नच्या आसपास येतात. एका गुणाकारात पंधरा लाख उडाले!

मग त्या नऊ हजारांत लिफ्ट आहे, झाकलेलं पार्किंग आहे. आमच्याकडे पार्किंगवर तीन मजले, बारा फ्लॅट, लिफ्ट नाही, आणि खाली जागा आठवली की बाबांची बजाज स्कूटरच आठवते, कारण इमारत बांधली तेव्हा तेवढंच वाहन गृहीत धरलेलं. आता बारा घरांत नऊ गाड्या आहेत. रोज सकाळी कुणाला तरी कुणाच्या तरी दाराची बेल वाजवावी लागते.

आता पंचेचाळीसवाल्याकडे येऊ. त्यानं बघितलं काय, तर पोपडे आलेला रंग, मोझॅकची फरशी, कडप्प्याचा काळा ओटा, पिवळी पडलेली बटणं. हे सगळं डोळ्याला खुपतं आणि हे सगळं स्वस्तात बदलता येतं. जे महाग आहे ते त्याला दिसलंच नाही.

ते मला प्लंबरनं दाखवलं. बाथरूममधल्या नळाला पाणी बारीक येतं म्हणून त्याला बोलावलं होतं. त्यानं भिंत थोडी फोडली, जीआयच्या, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी पाइपचा वीतभर तुकडा कापला आणि माझ्या हातात दिला. बाहेरून ठणठणीत. आत डोळा लावून बघितलं तर गंजाचे थर बसून बसून मधे पेन्सिल जाईल एवढंच भोक उरलेलं. तुकडा उलटा करून आपटला तर तळहातावर लालसर भुगा पडला. प्लंबर म्हणाला, "काका, इतकी वर्षं तुम्ही यातून पाणी पिताय." तो तुकडा अजून माझ्या टेबलावर आहे, पेपरवेट म्हणून. घरी आलेल्या प्रत्येकाला दाखवतो, बायको वैतागलीय.

दुसरी गोष्ट पॅसेजच्या छताची. एका कोपऱ्यात केसाएवढी चीर होती, तिच्याखाली चहाच्या रंगाचा डाग. स्ट्रक्चरल इंजिनियर आले, त्यांनी स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं छत ठोकायला सुरुवात केली. टक, टक, टक, आणि चिरेपाशी एकदम ढप. तेवढा भाग पोकळ. पाणी मुरून आतली सळई गंजते, गंजली की फुगते आणि काँक्रीटला खाली ढकलते. नशीब, आमच्याकडे हे दोन हाताएवढ्या जागेतच आहे, वरच्या बाथरूमच्या गळतीमुळे. कॉलम-बीम चांगले निघाले. पण २०१६ मध्ये इमारतीला बाहेरून रंग दिला, तेव्हा त्या ठेकेदारानं असल्याच चिरांवर पुट्टी थापून वरून झक्क रंग मारला होता. आम्ही सगळ्यांनी मिळून त्याला पेढे दिले होते.

तीस वर्षांच्या पुढच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट महापालिका कायद्यानं बंधनकारक आहे. तरी विकत घेणारा कधी तो रिपोर्ट मागत नाही, किचन ट्रॉल्या किती आहेत ते विचारतो. आमच्या रिपोर्टप्रमाणे गच्चीचा कोबा, बाहेरचा गिलावा आणि पाइपलाइनचं मिळून साधारण चौदा लाख चाळीस हजारांचं काम आहे. बारा घरं, म्हणजे घरटी एक लाख वीस हजार. हा खर्च फ्लॅटच्या दाराबाहेर असतो, म्हणून सौद्यात कुणी धरत नाही, आणि ताबा घेतल्यावर पहिल्याच मीटिंगमध्ये नव्या मालकाच्या डोक्यावर येऊन बसतो.

आतल्या कामाचं अंदाजपत्रक आलं नऊ लाख चाळीस हजार. इथं मी एक रेघ मारली. रेघेच्या एका बाजूला पाइप, वायरिंग, दोन्ही बाथरूम स्लॅबपर्यंत खरवडून वॉटरप्रूफिंग, पॅसेजचा स्लॅब आणि कुजलेल्या दोन खिडक्यांच्या चौकटी. पाच लाख साठ हजार. दुसऱ्या बाजूला मॉड्युलर किचन, फॉल्स सीलिंग, नवीन टाइल्स, उंची रंग. तीन लाख ऐंशी. पहिली बाजू किमतीतून पैसा न पैसा वजा व्हायला हवी, कारण ते काम कुणीही राहायला आलं तरी करावंच लागेल. दुसरी बाजू वजा करायची नाही. ती माझी हौस. मला मोझॅक आवडत नाही म्हणून ताईनं का सोसायचं? खरं तर मोझॅक पॉलिश करून ठेवावं असंच आता वाटतंय, उन्हाळ्यात त्या फरशीवर पाठ टेकली की जो गारवा लागतो तो व्हिट्रिफाइडला नाही.

हाच न्याय विकणाऱ्यालाही लागतो. आमचे एक स्नेही गेल्या वर्षी आठ लाखांचं इंटिरियर करून फ्लॅट विकायला निघाले आणि आठच्या आठ लाख किमतीत मागत बसले. घेणाऱ्यानं पहिल्याच भेटीत सांगितलं, "ही जांभळी भिंत आधी काढावी लागेल." विकायचं असेल तर गळती थांबवा, पाइप बदला, पांढरा रंग द्या, बस्स. जांभळी भिंत त्याची त्याला मारू द्या.

मग आपल्याकडे सगळ्यांचा लाडका विषय, रिडेव्हलपमेंट. पहिल्या दलालाचा हुकमी एक्का हाच होता: "चार-पाच वर्षांत बिल्डर येईल, नवा मोठा फ्लॅट मिळेल." आमचं प्रकरण अपार्टमेंटचं आहे, १९७० च्या कायद्याखाली डिक्लरेशन झालेलं, म्हणजे जमिनीतला अविभक्त हिस्सा फ्लॅटबरोबर येतो. प्लॉट ९०० चौरस मीटर, आमचा हिस्सा बारावा, म्हणजे ७५ मीटर, ८०७ चौरस फूट. फ्लॅट ७८० चा आणि जमीन ८०७ ची! नव्या टॉवरमध्ये शंभर घरं एका प्लॉटवर रचलेली असतात, तिथं वाट्याला एवढी जमीन स्वप्नातही येत नाही. जुन्या फ्लॅटची खरी ताकद ही आहे, आणि पंचेचाळीसवाला ती मोजतच नव्हता.

पण जमीन आहे म्हणून बिल्डर धावत येतो असं नाही. मी रस्ता मोजला. आमची गल्ली साडेसात मीटरची. २०२० च्या एकत्रित नियमावलीत, जिला सगळे यूडीसीपीआर म्हणतात, प्रीमियम एफएसआय आणि टीडीआर, म्हणजे पैसे भरून किंवा हक्क विकत घेऊन करता येणारं जादा बांधकाम, किती मिळणार हे समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. रस्ता नऊ मीटरपेक्षा अरुंद असेल तर प्लॉटच्या मूळ १.१ पट बांधकामाच्या वर चढायला फारसा वाव नाही. बारा जणांना मोठी घरं देऊन बिल्डरला विकायला उरणार काय? त्यात बारा मालकांपैकी तिघे परदेशी, एकाचा भाडेकरूशी दावा. मी या आशेचे शून्य रुपये धरले. उद्या झालं तर आनंदच आहे, पण जे व्हायचंय त्याचे पैसे आज मोजणारा माणूस दोनदा पैसे देतो. कुंभाचंही तेच. "२०२७ ला भाव बघा" असं जो तो सांगतोय. कुंभ येतो आणि जातो, गळकी मोरी बारा वर्षं तिथंच असते.

तुलनेसाठी आयजीआरच्या, म्हणजे सरकारी नोंदणी खात्याच्या साइटवर तासन्‌तास बसून इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या सौद्यांचे उतारे काढले. शेजारच्या गल्लीत आमच्याच वयाचा, आमच्याच मापाचा, लिफ्ट नसलेला फ्लॅट त्रेसष्टला गेलेला सापडला. पाइप-वायरिंग नवीन, इमारतीचं बाहेरचं काम झालेलं. दलालाच्या तोंडी भावापेक्षा हा नोंदलेला एक कागद मला जास्त खरा वाटतो. तर, त्रेसष्टातून आतलं सक्तीचं काम पाच साठ, इमारतीचा वाटा एक वीस, आणि भिंत फोडल्यावर आत काय निघेल याचे चौऱ्याऐंशी हजार, म्हणजे आतल्या कामाच्या पंधरा टक्के. उरले पंचावन्न लाख छत्तीस हजार. कार्पेटवर केलेला पहिला हिशेबही तिथंच कुठंतरी आला होता, त्यामुळे जरा धीर आला.

एक कबुली द्यायची राहिली. त्या त्रेसष्टवाल्या घरात चांगलं मॉड्युलर किचन होतं. त्याचेही थोडे वजा करावेत असं माझ्या मनात येऊन गेलं. पण मघाशी मारलेली रेघ आठवली, आणि ताईपुढे बोलायचा धीरही झाला नाही.

ताईला सगळे कागद व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले, पाइपच्या तुकड्याच्या फोटोसकट. दोन दिवस निळ्या खुणा, उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी फोन आला. "अरे, तू एवढं मोजलंस ते ठीक आहे. पण दक्षिणेकडची ती बाल्कनी कार्पेटमध्ये धरली नाहीस. बाबा तिथं रोज पेपर वाचायचे, ती काय फुकट आहे?" मी म्हटलं, व्याख्येप्रमाणे ती कार्पेटमध्ये येत नाही. "व्याख्या ठेव बाजूला. छप्पन्न कर." केले. तिचे अठ्ठावीस, माझे अठ्ठावीस. बाल्कनीचे चौसष्ट हजार धरले असं समजा. आता विचार केला तर फार नाहीत, सकाळी अकरापर्यंत तिथं ऊन असतं.

ताईचे पैसे द्यायला कर्ज काढायचं, म्हणून बँकेचा व्हॅल्युअर, म्हणजे किंमत ठरवणारा माणूस, येऊन गेला. अकरा मिनिटं होता. टाइल्सचे, ओट्याचे, दाराच्या नंबरचे फोटो काढले. रस्ता किती मीटरचा ते विचारलं नाही, ऑडिटचा रिपोर्ट मी स्वतःहून पुढे केला तर म्हणाला, "राहू द्या." इमारतीचं उरलेलं आयुष्य मात्र त्याच्या फॉर्मवर होतं, आणि त्यावरून कर्जाची मुदत वीसऐवजी पंधरा वर्षं झाली. पस्तिशी ओलांडलेला फ्लॅट कर्जावर घेणाऱ्यांनी टोकन देण्याआधी हे बँकेत जाऊन विचारून घ्या, हप्ता बराच वाढतो.

काम परवा सुरू झालं. मोठं बाथरूम स्लॅबपर्यंत खरवडून झालंय, वॉटरप्रूफिंगचा पहिला हात बसलाय, आणि आता नाली बंद करून त्यात चार बोटं पाणी साठवून ठेवलंय. अठ्ठेचाळीस तास ठेवायचं. गवंडी चोवीस पुरे म्हणत होता, मी ऐकलं नाही. खालच्या मजल्यावरच्या काकू दर तीन तासांनी छताकडे बघून फोन करतात. आत्ता शेवटचा आला तेव्हा छत्तीस तास झाले होते. "अजून कोरडं आहे हो," त्या म्हणाल्या, "पण तुमच्या आईच्या वेळेलाही पहिले दोन दिवस कोरडंच होतं."