बाशलिएचा प्रबंध नापास झाला नव्हता

शेअर बाजाराचं गणित मांडणाऱ्या लुई बाशलिएला पॅरिसमध्ये नापास केलं आणि त्याला आयुष्यभर नोकरीच मिळाली नाही, असा मेसेज फिरतोय, कृपया पुढे पाठवू नका. १९०० साली सोरबॉनमध्ये (पॅरिस विद्यापीठात) त्याचा प्रबंध पास झाला, मोठा गणितज्ञ पॉइन्कारेने परीक्षक म्हणून रिपोर्टमध्ये कौतुकच केलं, छापूनही आला, फक्त शेरा सगळ्यात वरचा नाही मिळाला एवढंच. ब्राउनियन मोशनचं (द्रवातल्या बारीक कणांच्या वेड्यावाकड्या हालचालीचं) गणित त्यात आइन्स्टाइनच्या ५ वर्षं आधी आहे, हे मात्र शंभर टक्के खरं, आणि केवढी मोठी गोष्ट आहे ही! अन्याय झाला तो नंतर, १९२६ ला दिजों विद्यापीठातली प्रोफेसरची जागा हुकली कारण गणितज्ञ पॉल लेवीने त्याचा पेपर चुकीचा समजून विरोधात पत्र दिलं, पुढे लेवीने माफीही मागितली. पण १९२७ ते १९३७ बाशलिए बझांसों विद्यापीठात प्रोफेसर होता.