सिस्टर, जरा लवचिक व्हा की

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात नीट बसवा. तुम्ही थकता हा तुमचा प्रॉब्लेम, वॉर्डात माणसं कमी हा नाही. एवढं पटलं की पुढचं सगळं सोपं. आता ह्याला रेझिलियन्स म्हणतात, पूर्वी नुसतं 'सोस गे बाय' म्हणायचे, पण तेव्हा सर्टिफिकेट मिळत नसे.

दुसरं, भागाकार विसरा. इंडियन नर्सिंग कौन्सिलचं माप म्हणे टीचिंग हॉस्पिटलात 3 पेशंटमागे 1 नर्स, साध्या हॉस्पिटलात 5 मागे 1. आणि तुम्ही नाईटला दोघी, बेड 40, शिवाय जमिनीवर गादी घातलेले तिघे. कशाला हिशोब करताय? आकडे फक्त सलाईनपुरते ठेवा. 500 एमएलची बाटली 8 तासांत संपवायची, सेट एमएलला 20 थेंबांचा, म्हणजे मिनिटाला 21 थेंब. घड्याळ धरून मोजायला लागायचं, अकराव्या थेंबाला बेड 6 ची सून बाही ओढणार "सिस्टर, पंखा फिरत नाही", तेवढ्यात फोन वाजणार, फोन ठेवला की परत एकपासून. ह्यालाच माइंडफुलनेस म्हणतात, बाहेर लोक पैसे भरून शिकतात.

मग येते 31 डिसेंबरची रात्र. बागा-कळंगुटहून काळ्या नंबरप्लेटची भाड्याची स्कूटर घेऊन, हेल्मेट न घालता, रस्ता आपल्या आजोबांचा समजून निघालेला पाहुणा कॅज्युअल्टीत येतो, गुडघा सोललेला, बरोबर पाच मित्र आणि पाचही जणांची कुठल्या ना कुठल्या मंत्र्याशी ओळख. "ए नर्स" अशी हाक आली की ब्रीदिंग एक्सरसाईज करायची, चार मोजत श्वास आत, चार मोजत रोखून धरा. रोखून धरायचा फायदा लगेच कळतो, कारण तो तेवढ्यात तुमच्या बुटांवर ओकलेला असतो.

नाईट करून पणजीहून कदंबा बसमध्ये बसलात की डोळा लागणारच. उतरायचं म्हापशाला आणि जाग पेडण्याला. हरकत नाही, प्रवास मनाला ताजं करतो.

डब्ल्यूएचओचं काही फॉरवर्ड आलं तर मात्र जपून. 2019 साली त्यांनी बर्नआउटची, म्हणजे कामाने पार पिचून जाण्याची, व्याख्या केली, कामाच्या जागेचा सततचा ताण नीट न हाताळल्याने होतो असं लिहिलं, आणि सोबत हेही की हा आजार नव्हे. ऑफिसला त्यातलं शेवटचंच वाक्य पाठ आहे, रजा नाकारायला बरं पडतं. पहिलं तुम्ही वाचलंच नाही असं समजा.

12 मे ला, नर्सेस डेला, गुलाब मिळेल, केक मिळेल (सकाळच्या शिफ्टला, नाईटवालीला खोका मिळतो) आणि नाइटिंगेलबाईंच्या दिव्यावर भाषण होईल. ह्याच बाईंनी 1858 साली क्रिमियन युद्धात मेलेल्या सैनिकांचे आकडे चार्टवर काढून दाखवलं की बरेचसे जखमांनी नाही, टाळता येणाऱ्या रोगांनी गेले. पण भाषणात चार्ट काही येत नाही. हातात आकडे घेतलेल्या बाईपेक्षा दिवा घेतलेली बाई बरी, ती पोस्टी कधी भरणार असं विचारत नाही.

आणि रेझिलियन्सचं वर्कशॉप चुकवू नका. ते तुमच्या ऑफच्या दिवशीच असतं, एसी हॉलमध्ये. आमच्यावेळचे ट्रेनर म्हणाले, माडासारखे व्हा, वारा आला की वाकतो पण मोडत नाही. साहेब बाहेरचे असावेत. आमच्याकडे जून लागला की हेच माड विजेच्या तारांवर आडवे होतात आणि अख्खी वाडी दोन दिवस अंधारात. मागच्या रांगेतली एक पोर तोंडावर रुमाल धरून हसत होती, तिची नाईट झालेली, पाचव्या मिनिटाला तशीच झोपली.

जाताना प्रत्येकीला एक पिवळा स्ट्रेस बॉल दिला, वर हसरा चेहरा. माझा मी लकव्याने उजवा हात गेलेल्या बेड 9 च्या आजोबांना दिला. आता सकाळ-संध्याकाळ दाबत बसतात, परवा बोटं जरा हलली सुद्धा. म्हणाले, "बाय, आणखी एक मिळेल काय, शेजारच्याला पाहिजे."

म्हटलं, पुढच्या ऑफला आणते.