नाकात फवारा मारला की माणसांची भीती जाते?

माझा एक मित्र मीटिंगला जाण्याआधी जिन्यात थांबतो, मान वर करून दोन्ही नाकपुड्यांत ऑक्सिटोसिन या हार्मोनचा फवारा मारतो आणि मगच आत जातो. "फरक पडतो रे," म्हणतो. पडत असेलही. तो फवाऱ्यामुळे पडतो, हे मात्र मला पटत नाही.

या औषधाचं खरं काम प्रसूतीच्या खोलीतलं. कळा वाढवायला आणि बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखायला ते सुईने किंवा सलाईनमधून देतात. प्रेमाचं हार्मोन म्हणून त्याचा खरा बोभाटा झाला तो २००५ नंतर. फवारा घेतलेली माणसं पैशांच्या खेळात अनोळखी माणसावर जास्त विश्वास टाकतात, असा प्रयोग 'नेचर'मध्ये छापून आला. २०२० मध्ये तोच प्रयोग कितीतरी जास्त माणसांवर करून पाहिला, तर तो मूळ परिणाम काही दिसला नाही. पण फुसका निघालेला फटाका कोण दाखवत फिरणार?

लोकांसमोर बोलायची धास्ती असणाऱ्यांवरच २००९ मध्ये एक छोटा अभ्यास झाला. सगळ्यांना थेरपीत भाषणं करायला लावली. काहींना आधी ऑक्सिटोसिनचा फवारा दिला, काहींना औषध नसलेला नुसताच फवारा. ऑक्सिटोसिनवाल्यांना आपलं भाषण जरा बरं झालं असं वाटलं खरं, पण एकूण भीती दोन्ही गटांची सारखीच उतरली. म्हणजे कामाला आलं ते पुन्हा पुन्हा उभं राहून बोलणं. माझा मित्रही फवारा मारून शेवटी मीटिंगला जातोच ना! श्रेय बाटलीला कशाला? हे त्याला म्हटलं तर म्हणाला, "थेरपिस्टसमोर बसायचीच तर भीती वाटते." यावर मला पटकन उत्तर सुचलं नाही.

तरी सांगतो, सोशल अँग्झायटीवर, म्हणजे माणसांत वावरायच्या या भीतीवर, कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी थेरपी) आणि डॉक्टरांनी दिलेल्या काही नैराश्यविरोधी गोळ्या यांचा उपयोग नीट तपासून झालेला आहे. ऑक्सिटोसिनचं तसं नाही. आणि ते माणसाला नुसतं प्रेमळ करतं असंही नाही. काही प्रयोगांत त्याने हेवा वाढलेला दिसला, आपल्या गटाकडे झुकतं मापही दिसलं.

सप्लिमेंट म्हणून गोळ्या विकतात त्या तर आणखी अजब. प्रथिनं ज्यांची बनतात त्या अमिनो आम्लांपैकी नऊंची ऑक्सिटोसिन ही साखळी. गिळली की बहुतेक पोटातच पचून जाते. बाटलीत खरंच काय आणि किती आहे, हा प्रश्न वेगळाच. आणि गरोदर बाईने तर मूड सुधारायला म्हणून हा फवारा हातातही धरू नये. गर्भाशय आकुंचन पावायला लावणारं औषध आहे ते.