नोकरीआधी परवाना घ्यावा का? वित्तक्षेत्रात येऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी

वित्तक्षेत्रात नोकरी करू इच्छिणारे विद्यार्थी हल्ली एक प्रश्न हमखास विचारतात: नोकरी लागण्याआधीच व्यावसायिक परवान्याच्या परीक्षा देऊन ठेवाव्यात का? माझे मत असे आहे, की आधी नोकरीत असण्याची अट नसलेली एखादी प्राथमिक परीक्षा, कामाची दिशा ठरलेली असेल तर, शेवटच्या वर्षी अवश्य द्यावी. मात्र त्यापलीकडे एकामागून एक प्रमाणपत्रे जमवण्यात वेळ आणि पैसा घालवू नये. नव्या उमेदवारांच्या मुलाखती घेताना आणि निवड झालेल्यांना कामाला लावताना हे मत पक्के होत गेले. या एका निर्णयापायी मुलांचे वर्ष-दीड वर्ष खर्ची पडते, म्हणून त्यामागची कारणे सविस्तर मांडतो.

परीक्षा उत्तीर्ण होणे आणि परवाना मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे बहुतेकांना कोणी सांगितलेलेच नसते. अमेरिकेत दलाली संस्थांवर देखरेख ठेवणाऱ्या फिनरा या संस्थेने १ ऑक्टोबर २०१८ पासून एसआयई नावाची प्राथमिक परीक्षा सुरू केली. वयाची १८ वर्षे पूर्ण झालेली कोणतीही व्यक्ती ती देऊ शकते. गुण धरले जाणारे ७५ प्रश्न, पावणेदोन तासांचा वेळ आणि चार वर्षे ग्राह्य राहणारा निकाल, असे तिचे स्वरूप आहे. परंतु ती उत्तीर्ण झाल्याने ग्राहकाला एकही शेअर किंवा रोखा (बाँड) विकण्याचा अधिकार मिळत नाही. त्यासाठी सिरीज ७ सारखी पुढची परीक्षा द्यावी लागते, आणि तिला बसण्यासाठी फिनराच्या एखाद्या सदस्य संस्थेने उमेदवाराच्या नावाने अर्ज दाखल करावा लागतो. नोकरी सुटली की नोंदणीही संपते. भारतात सेबी या भांडवली बाजाराच्या नियामकाने स्थापन केलेल्या एनआयएसएम या प्रशिक्षण संस्थेच्या परीक्षा कोणालाही देता येतात, पण त्यांची प्रमाणपत्रे सर्वसाधारणपणे तीन वर्षांनी कालबाह्य होतात; शिवाय म्युच्युअल फंडांचे वितरण करायचे असेल, तर परीक्षेनंतर अ‍ॅम्फी या म्युच्युअल फंड कंपन्यांच्या संघटनेकडे नोंदणी करून एआरएन हा वितरकाचा क्रमांक घ्यावा लागतो. ब्रिटनमध्ये तर ग्राहकांना सल्ला देणारी व्यक्ती त्या कामास योग्य आहे की नाही, हे तिच्या संस्थेलाच दरवर्षी तपासून प्रमाणित करावे लागते.

देशोदेशीच्या पद्धती वेगळ्या असल्या, तरी त्यांमागचा विचार सारखाच आहे. ग्राहकाच्या गळ्यात चुकीची गुंतवणूक मारली गेली, तर जाब कोणाला विचारायचा, हे नियामकाला आधीच ठरलेले हवे असते. म्हणून परवाना व्यक्तीच्या नावावर असला, तरी त्याला जबाबदारी घेणाऱ्या संस्थेचा किंवा रीतसर नोंदणीचा आधार लागतो, आणि हा आधार विद्यार्थ्याकडे अजून नसतो.

आता या परीक्षांतून नेमके काय शिकायला मिळते, ते पाहू. बाजारातील व्याजदर वाढले, की आधीच विकल्या गेलेल्या स्थिर व्याजाच्या रोख्यांची किंमत घसरते, हा अशा परीक्षांतील नेहमीचा प्रश्न आहे. पाच टक्के व्याज देणारा रोखा हातात असताना बाजारात सहा टक्क्यांचे नवे रोखे मिळू लागले, तर जुना रोखा दर्शनी किमतीपेक्षा कमी भावाने विकला जाईल, हे विद्यार्थी अचूक सांगतो आणि त्याला गुण मिळतात. २०२२ साली अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्ह या मध्यवर्ती बँकेने व्याजदर जवळजवळ शून्यावरून सव्वाचार ते साडेचार टक्क्यांपर्यंत नेले आणि रोख्यांमध्ये पैसे गुंतवणाऱ्या फंडांचे मूल्य ठळकपणे घसरले. सुरक्षित म्हणून घेतलेली गुंतवणूक कमी का झाली, असे विचारणाऱ्या निवृत्त ग्राहकाला त्या वेळी जे समजावून सांगावे लागले, ते पर्यायी उत्तरांच्या चार गोलांत मावणारे नव्हते. त्याला पैसे केव्हा लागणार आहेत, फंडातील रोख्यांची सरासरी मुदत किती आहे, आणि आज बाहेर पडल्यास तोटा कायमचा कसा होईल, हे त्याच्या भाषेत मांडावे लागते. परीक्षा या कौशल्याचा पाया घालते हे मला मान्य आहे; पण हा पाया संस्था नव्या माणसाकडून पहिल्या काही महिन्यांत घालून घेतातच, आणि अनेक ठिकाणी त्याचे शुल्कही स्वतः भरतात.

तरीही एका गटाला मी परीक्षा द्याच असे आग्रहाने सांगतो. ज्यांनी पदवी इतिहास, भाषा किंवा जीवशास्त्रात घेतली आहे, त्यांच्या अर्जात वित्तक्षेत्राची ओढ दाखवणारे काहीच नसते. इतिहासात पदवी घेतलेल्या एका उमेदवार मुलीने अशी प्राथमिक परीक्षा स्वतःच्या हिमतीवर दिली होती. मुलाखतीत तिने बाजारनियमांचा आपल्याला सर्वांत अवघड गेलेला भाग कोणता आणि तो का, हे इतक्या स्वच्छपणे सांगितले, की तिच्या गंभीरपणाविषयी आमच्या मनात शंका उरली नाही. वाणिज्य पदवीधराच्या बाबतीत त्याच प्रमाणपत्राचे वजन बरेच कमी भरते, कारण त्यातील निम्मा अभ्यासक्रम त्याने वर्गात शिकलेला असतो.

सीएफए या गुंतवणूक विश्लेषणातील आंतरराष्ट्रीय पात्रतेची गोष्ट निराळी आहे. तो परवाना नाही. तीन स्तरांच्या परीक्षांनंतरही सनद मिळण्यासाठी किमान ४,००० तासांचा संबंधित कामाचा अनुभव लागतो. संशोधन किंवा निधी व्यवस्थापनाकडेच जायचे असेल, तर पहिला स्तर विद्यार्थिदशेत द्यायला हरकत नाही, परंतु एकेका स्तरासाठी साधारण ३०० तासांचा अभ्यास धरावा लागतो, हे लक्षात घेऊन मगच नाव नोंदवावे.

मला मनापासून राग येतो तो ‘परवाना घ्या, नोकरी पक्की’ अशी जाहिरात करणाऱ्या शिकवणीवर्गांचा. कर्ज काढून असे तीन-तीन अभ्यासक्रम केलेली मुले समोर येतात, आणि कंपनीचा नफा वाढला असताना कामकाजातून येणारी रोकड उणे का झाली, असे विचारले की थबकतात. ग्राहकांकडील थकलेली येणी आणि गोदामात पडून असलेला माल यांकडे पाहायचे असते, हे त्यांना कोणी दाखवलेलेच नसते. यात त्यांचा दोष नाही. चार-पाच कंपन्यांचे वार्षिक अहवाल टिपांसह बारकाईने वाचले आणि एखादी इंटर्नशिप नीट केली, तर ही नजर येते, आणि मुलाखतीत ती लगेच कळते.

म्हणून परीक्षेचे शुल्क भरण्याआधी, हव्या त्या पदाच्या दहा-बारा जाहिराती समोर ठेवून वाचाव्यात. प्रमाणपत्र अर्ज करतानाच मागितले असेल, तर ते आधी घ्यावे. ‘रुजू झाल्यावर अमुक महिन्यांत परीक्षा उत्तीर्ण होणे आवश्यक’ असे लिहिले असेल, तर ती परीक्षा नोकरीचाच भाग आहे. तिचे शुल्क कोण भरणार, अभ्यासाला वेळ किती मिळणार आणि अनुत्तीर्ण झाल्यास पुढे काय, हे प्रश्न मुलाखतीच्या शेवटी निःसंकोच विचारावेत.