मेस्सी फुकट का खेळला नाही?

युरोपात फुटबॉल खेळाडूंच्या खरेदी-विक्रीचा उन्हाळी हंगाम सुरू झाला, म्हणजे आपल्याकडे पावसाने जोर धरला, की एक संदेश हमखास पुन्हा फिरू लागतो. त्याचा आशय असा: ‘मेस्सीचे बार्सिलोनावर खरे प्रेम असते तर २०२१ मध्ये तो फुकट खेळला असता, त्याला तसेही आदल्या वर्षीच जायचे होते, पॅरिसच्या क्लबचा पैसा दिसला आणि तो गेला, त्याचा सहकारी पिके याने मात्र पगार सोडून दाखवला.’ चारही विधानांत खऱ्याचा थोडा अंश आहे, म्हणूनच ती सहज पटतात.

पहिले विधान ‘फुकट’चे. मेस्सीचा करार ३० जून २०२१ रोजी संपला, त्यामुळे १ जुलैपासून तो ला लीगाच्या, म्हणजे स्पेनच्या सर्वोच्च फुटबॉल लीगच्या, दृष्टीने बार्सिलोनाचा खेळाडू उरला नव्हता आणि त्याची नोंदणी नव्याने करावी लागणार होती. ला लीगा प्रत्येक क्लबला वेतनमर्यादा ठरवून देते. क्लबच्या अपेक्षित उत्पन्नातून इतर खर्च आणि कर्जाचे हप्ते वजा करून जे उरते त्यातच खेळाडूंचा व प्रशिक्षकांचा पगार बसवायचा, शिवाय खेळाडू विकत घेताना मोजलेल्या रकमेचा दरवर्षीचा वाटाही त्यातच धरायचा, असा हा हिशेब असतो. बार्सिलोनाची ही मर्यादा २०१९-२० च्या हंगामात ६७ कोटी युरोंच्या वर होती. २०२१-२२ साठी ती सुमारे ९ कोटी ८० लाख युरोंवर घसरली. मर्यादा ओलांडलेल्या क्लबला तेव्हा चार युरो वाचवले तर एकच युरो नव्या पगारावर खर्चता येत असे. ६ ऑगस्टला क्लबचे अध्यक्ष जोआन लापोर्ता यांनी सांगितले, की मेस्सीला धरून वेतनखर्च उत्पन्नाच्या ११० टक्के होतो आणि मेस्सीला वगळूनही तो ९५ टक्के राहतो. थोडक्यात, मेस्सीचा पगार शून्य धरला तरी भोक बुजत नव्हते.

येथे मेस्सीचे पाठीराखेही एक घाई करतात. ‘स्पेनच्या कायद्याने फुकट खेळणे अशक्यच होते’ असे ते ठणकावून सांगतात. प्रथम श्रेणीतील खेळाडूचे किमान वेतन तेथील सामूहिक करारात ठरलेले आहे, त्यामुळे शब्दशः फुकट खेळणे अवघड होते हे खरे. पण खुद्द लापोर्ता ऑक्टोबर २०२१ मध्ये म्हणाले होते, की मेस्सी शेवटच्या क्षणी ‘मी फुकट खेळतो’ म्हणेल अशी आपल्याला आशा होती आणि लीगनेही ते मान्य केले असते असे आपल्याला वाटते. त्याच वेळी, एवढ्या दर्जाच्या खेळाडूकडे तशी मागणी करता येत नाही, हेही त्यांनी जोडले. संदेशात या बोलण्याचा पहिला अर्धा भाग तेवढा उरला आहे. मेस्सीने काही आठवड्यांनी उत्तर दिले, की निम्मा पगार सोडण्यास आपण तयार होतो, फुकट खेळा असे आपल्याला कोणीही सांगितले नाही आणि अध्यक्षांचे ते शब्द आपल्याला लागले. न केलेल्या मागणीला नकार दिल्याचा ठपका त्याच्यावर ठेवण्यात अर्थ नाही.

दुसरे विधान एका वर्षापुरते खरे आहे. २५ ऑगस्ट २०२० रोजी त्याने बुरोफॅक्स, म्हणजे स्पेनमध्ये कायदेशीर पुरावा म्हणून धरले जाणारे नोंदणीकृत पत्र, पाठवून क्लब सोडण्याची इच्छा कळवली होती. मात्र तेव्हा अध्यक्षपदी बार्तोमेऊ होते. त्यांनी त्याच ऑक्टोबरात राजीनामा दिला आणि मार्च २०२१ मध्ये लापोर्ता निवडून आले. पुढच्या उन्हाळ्यात मेस्सी राहणारच होता. नव्या कराराला उभय पक्षांची संमती होती, असे ५ ऑगस्टच्या निवेदनात क्लबनेच लिहिले आहे.

पैशाच्या आरोपाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. त्याचा २०१७ चा करार चार वर्षांत ५५ कोटी युरोंपर्यंत जाणारा होता, हे जानेवारी २०२१ मध्ये ‘एल मुंदो’ या स्पॅनिश दैनिकाने उघड केले, आणि क्लबच्या डोईवरच्या बोजात त्या कराराचाही वाटा होता हे कबूल करावे लागेल. पण त्या करारावर क्लबनेही सही केली होती. शिवाय पॅरिसशी त्याने सही केली ती १० ऑगस्टला, बार्सिलोनाने दार बंद केल्यानंतर पाच दिवसांनी. दरम्यान ८ तारखेच्या पत्रकार परिषदेत, बोलायला तोंड उघडण्याआधीच, त्याला हुंदका आवरता आला नव्हता. घटनांचा हा क्रम संदेशात उलटा झाला आहे.

राहता राहिला पिके, बार्सिलोनाच्या कर्णधारांपैकी एक. त्याने पगारकपात स्वीकारली हे खरेच आहे आणि त्याचे श्रेय त्याला द्यायलाच हवे. परंतु त्याचा करार चालू होता, आणि चालू कराराची रक्कम घटवली की मर्यादेत जागा मोकळी होते. मेस्सीचा करार संपलेला असल्यामुळे त्याच्या बाजूने घटवण्यासारखे काही उरलेच नव्हते. पिकेच्या कपातीमुळे मेम्फिस देपाय आणि एरिक गार्सिया हे त्या उन्हाळ्यात बदलीशुल्काविना आलेले खेळाडू हंगामाच्या तोंडावर नोंदवता आले. सर्जिओ अग्वेरो या आणखी एका नव्या खेळाडूच्या नोंदणीसाठी तर पुढे इतर कर्णधारांनाही पगारावर पाणी सोडावे लागले. १५ ऑगस्टला रिआल सोसिएदादविरुद्ध बार्सिलोनाने ४-२ असा विजय मिळवला, त्यातला पहिला गोल पिकेचाच होता. मेस्सीची पॅरिसच्या प्रेक्षकांशी मैदानात ओळख करून दिली गेली, त्याला तेव्हा एक दिवस झाला होता.